सूर्यफुलांचा वाफा: पेरणीपासून खुंटांपर्यंतच्या नोंदी

३ नोव्हेंबर. पेरणी

आज वाफ्यात बारा ठिकाणी बी टोकलं. वाफा ३ मीटर लांब, १ मीटर रुंद. दोन ओळी, ओळीत सहा जागा, दोन जागांत ५० सेंटिमीटर अंतर. प्रत्येक जागी दोन दाणे, साधारण अडीच सेंटिमीटर खोल. तेरावी जागा म्हणजे एक मोठी कुंडी. तिचा उपयोग फुलं आल्यावर.

हा वाफा फुलदाणीसाठी नाही, बियांसाठीही नाही. सूर्यफुलावर कोण येतं, कधी येतं आणि येऊन काय करतं, ते पेरणीपासून खोड वाळेपर्यंत लिहून ठेवायचं आहे. म्हणून बियाणं निवडायलाच चार दिवस घेतले. फुलदाणीसाठी काढलेल्या कित्येक संकरित वाणांत पराग नसतो, कारण टेबलावर पिवळी भुकटी सांडलेली लोकांना नको असते. मकरंद त्यांतही मिळतो, पण पिल्लांसाठी पराग नेणाऱ्या माश्यांना त्या फुलाचा निम्मा उपयोग नाही. माझे दोन्ही प्रकार परागाचे आहेत. १ ते ६ उंच, एकाच मोठ्या तबकडीचे. ७ ते १२ फांद्या फुटणारे, लहान फुलांचे. फांद्यांचं झाड टप्प्याटप्प्याने फुलतं, त्यामुळे पाहुण्यांचे दिवस वाढतील असा अंदाज आहे. सूर्यफुलाचं मूळ घर उत्तर अमेरिका. तिथलं रानटी सूर्यफूलही असंच फांद्यांचं असतं. एका खोडावर एकच मोठी तबकडी, हे माणसाने हजारो वर्षं बी निवडत आणलेलं रूप आहे.

५ नोव्हेंबर

जागा २, ३, ८ आणि ११ उकरलेल्या. खड्डे नाण्याएवढे, कडा स्वच्छ, शेजारी टरफलं दोन फाकांत सोललेली. दुपारी खार परत आली तेव्हा खात्री पटली. वाफ्यावरचा पहिला पाहुणा, फूल यायच्या दोन महिने आधी. चारही ठिकाणी पुन्हा बी टोकलं आणि वर बारीक जाळी अंथरून कडांना विटा ठेवल्या.

१० नोव्हेंबर

सातव्या दिवशी आठ जागी कोंब वर. नंतर टोकलेल्या चार जागा अजून मातीत आहेत.

वर येताना काही रोपांनी टरफल डोक्यावरच आणलंय. दोन्ही बीजपत्रं त्यात अडकलेली. लेक ते बोटाने काढायला निघाली होती, तिला थांबवलं. ओढलं तर बीजपत्र तुटतं. पाण्याने ओलं करून ठेवलं की टरफल सैल होऊन बहुतेक वेळा आपोआप पडतं. चिमण्यांना हे थांबणं मान्य नाही. जाळीच्या कडेला आलेल्या एका रोपाचं टरफल त्यांनी बीजपत्रासकट नेलं. जाळी सहा इंच वर उचलून काठ्यांवर ताणली.

२० नोव्हेंबर

विरळणी केली. प्रत्येक जागी एक रोप ठेवलं. जास्तीचं रोप उपटलं नाही, जमिनीलगत कात्रीने कापलं, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. खालची पानं समोरासमोर जोडीने आली आहेत, यापुढची एकेक करून खोडाभोवती फिरत येतील. जाळी काढली.

२ डिसेंबर. मावा

रोपं गुडघ्याएवढी. ६ आणि ९ नंबरच्या शेंड्यावर मावा. पानाच्या मागे हिरवट किडे दाटीने, पान किंचित वळलेलं, खालच्या पानावर चिकट चकाकी. मुंग्यांची रांग खोडावरून सरळ तिथपर्यंत. मावा पानातला रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. मुंग्या त्या थेंबांसाठी येतात आणि बदल्यात माव्याला खाणाऱ्यांना हाकलतात.

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, आत्ताच काहीतरी मार, नाहीतर शेंडे जातील." त्यांनी आयुष्यभर बाग केली आहे, त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. तरी मी म्हटलं, "काकू, दहा दिवस बघते, मग तुम्ही म्हणाल तसं." औषध मारलं तर मावा जाईल, पण त्याला खायला येणारेही जातील आणि या वहीत लिहायला काही उरणार नाही. ६ नंबरच्या खोडाला तळाशी एक चिकट पट्टी गुंडाळली, मुंग्या वर जाऊ नयेत म्हणून. ९ नंबर जसं आहे तसं ठेवलं.

७ डिसेंबर

६ नंबरवर मावा खाणारे ढालकिडे आले. तीन मोठे, आणि पानामागे उभ्या लावलेल्या पिवळ्या अंड्यांचा झुबका. दुसऱ्या पानावर क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याची अंडी, केसाएवढ्या दांडीवर एकेक. त्याच्या अळ्याही मावा खातात. कळशीत उभ्या केलेल्या उदबत्त्यांसारखी. अंडं दांडीवर अधांतरी असल्यामुळे ते खायला निघालेल्यांना सहज सापडत नाही. आधी बाहेर पडलेली भावंडंसुद्धा त्या खाणाऱ्यांत येतात.

९ नंबरवर मुंग्यांचा पहारा चालू आहे. एक ढालकिडा पानावर उतरला. दोन मुंग्या धावून गेल्या. तो पाय पोटाखाली घेऊन ढालीसारखा पानाला चिकटून बसला आणि थोड्या वेळाने उडून गेला.

१४ डिसेंबर

६ नंबरवर मावा शोधावा लागतो. ढालकिड्याच्या अळ्या, काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, चिमुकल्या मगरीसारख्या, पानभर फिरत आहेत. ९ नंबरलाही काल पट्टी बांधली. काकूंना बोलावून दोन्ही शेंडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ अळ्या पाहिल्या आणि विचारलं, "ह्या मी आजवर कीड म्हणून चिरडत आले का गं?" त्यांच्या मिरच्यांवरही अशाच अळ्या असतात म्हणे. संध्याकाळी त्यांच्या अंगणातही जाऊन पाहिलं. होत्या.

१७ डिसेंबर. रात्र

उंच ओळीत कळ्या दिसायला लागल्या आहेत, हिरव्या चांदणीसारख्या. आज पूर्ण दिवस फक्त त्यांची दिशा लिहिली. सकाळी ७ वाजता पूर्वेकडे. दुपारी १२ ला वर. संध्याकाळी ५ ला पश्चिमेकडे झुकलेल्या. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला रात्र पाहायची होती. ११ वाजता बॅटरी घेऊन गेले तर शेंडे जवळजवळ सरळ उभे होते. पहाटे साडेचारला सहाही कळ्या पूर्वेकडे वळलेल्या. अंधारात, सूर्य यायच्या कितीतरी आधी.

म्हणजे झाड सूर्याच्या मागे ओढलं जात नाही, तो कुठून येणार हे त्याच्या हिशोबात असतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१६ साली याची उकल मांडली. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला कलतो. रात्री पश्चिमेकडची बाजू वाढते आणि शेंडा परत फिरतो. ही लय झाडाच्या आतल्या घड्याळावर चालते. रोपं खोलीत नेऊन डोक्यावर स्थिर दिवा लावला तरी ती काही दिवस तशीच डोलत राहिली. फूल उमललं की खोडाची वाढ थांबते, डोलणंही थांबतं, आणि तोंड पूर्वेकडे राहतं.

पहाटेच्या थंडीत आई शाल घेऊन बाहेर आली. "काय शोधतेयस एवढ्या अंधारात?" म्हटलं, "काही नाही आई, कळ्या वळल्यात ते बघतेय." ती कठड्याशी उजाडेपर्यंत थांबली.

२३ डिसेंबर

४ नंबरच्या एका पानाची जाळी झाली. खाली केसाळ अळ्यांचा पुंजका, नुकत्याच फुटलेल्या, साठ-सत्तर तरी असाव्यात. या वयात त्या एकाच पानावर एकत्र असतात, तेवढं पान काढलं की काम होतं. मोठ्या होऊन पांगल्या की हाती लागत नाहीत. पान तोडून वाफ्यापासून लांब, दगडावर ठेवलं. दहा मिनिटांत गांधीलमाशी आली. तिने एक अळी उचलली, तिथेच बसून जबड्यांनी चघळून तिचा गोळा केला आणि घेऊन गेली. मोठ्या गांधीलमाश्यांचा स्वतःचा आहार बहुतेक गोड रसांचा असतो. हे मांस पोळ्यातल्या पिल्लांसाठी. दुपारपर्यंत ती, किंवा तिच्यासारख्या बऱ्याच जणी, येत राहिल्या. बुलबुलाची जोडीही एकदा उतरली.

३० डिसेंबर

फूल एकही उमललेलं नाही, तरी कळ्यांवर वर्दळ. कळीभोवतीच्या हिरव्या छदांवर आणि वरच्या पानांपाशी सूर्यफूल थोडा मकरंद पाझरतं. फुलाशी त्याचा संबंध नाही. मुंग्या आणि अगदी बारीक, सडपातळ गांधीलमाश्या तो चाटत होत्या. अशा बारीक माश्यांतल्या अनेक जाती अळ्यांच्या किंवा अंड्यांच्या आत आपली अंडी घालतात. हातभिंगाखाली एकीला पंधरा मिनिटं पाहिलं.

५ नंबरच्या कळीवर मलमलीची पिशवी बांधली. सैल, देठाशी दोऱ्याने घट्ट. कुठलीही माशी आत जाता कामा नये. शेजारचं ६ नंबर उघडं राहील. एकाच वाणाची, एकाच वेळी फुलणारी दोन झाडं, एक पाहुण्यांसाठी बंद, एक खुलं. दाणे भरल्यावर दोन्हींतले मोजायचे.

३ जानेवारी. पहिलं फूल

६१ व्या दिवशी ४ नंबर उमललं.

ज्याला आपण फूल म्हणतो ती एक वस्ती असते, हजारभर किंवा त्याहून जास्त फुलांची. कडेच्या पिवळ्या 'पाकळ्या' म्हणजे एकेक वांझ फूल, त्यांचं काम लांबून दिसण्याचं. मधल्या तबकडीतली नळीसारखी बारीक फुलं हीच दाणा धरणारी. ती बाहेरून आत, रोज काही ओळी, अशी उमलत जातात. आज फक्त कडेचं कडं जागं आहे, मध्ये सगळ्या मिटलेल्या हिरवट कळ्या.

हातभिंगातून पाहिलं तर प्रत्येक नळीतून गडद रंगाची पुंकेसरांची नळी वर आलेली आणि तिच्या टोकावर पराग. उद्या याच फुलातून दोन टोकांची कुक्षी वर येऊन मागे वळेल. आधी देणं, मग घेणं, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. त्यामुळे माशी कडेपासून आत चालत गेली की तिला जुनी फुलं कुक्षी पसरून बसलेली आणि नवी फुलं पराग घेऊन उभी, अशी दोन्ही कडी लागतात.

माशीला हे फूल आपल्याला दिसतं तसं दिसत नाही. तिला अतिनील प्रकाश दिसतो, आणि त्यात पाकळ्यांची टोकं उजळ व बुडं गडद असतात. मध्यभागी मोठा गडद गोल, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवलं की हा गोल सगळ्या सूर्यफुलांत सारखा नसतो. कोरड्या हवेतल्या रानटी झाडांत तो मोठा असतो, आणि तो घडवणारी द्रव्यं पाकळीतलं पाणी टिकवायलाही मदत करतात. हे वाचल्यापासून पाकळीच्या बुडाकडे माझं सारखं लक्ष जातं. तिथे काहीतरी लिहिलेलं आहे आणि माझ्या डोळ्यांना ते वाचता येत नाही.

५ जानेवारी. पाहुण्यांची पहिली मोजणी

उंच ओळीतली चार आणि फांद्यांची तीन फुलं उमलली आहेत. मोजणीसाठी फक्त ४ नंबर. दर तासाला दहा मिनिटं. फुलोरी, सातेरी आणि आग्या या तिन्ही मधमाश्याच.

सव्वासात: कोणी नाही. तबकडीवर दंव.
सव्वाआठ: फुलोरी ६, सातेरी २.
सव्वानऊ: फुलोरी ११, सातेरी ७, आग्या ३, सिरफिड माश्या ४, काळा भुंगा १.
सव्वादहा: जवळपास तेवढंच, शिवाय कातरमाशी २ आणि एक निळ्या पट्ट्यांची माशी.
सव्वाबारा: उन्हात वर्दळ निम्म्यावर.

आकडे लिहून झाले, पण सकाळ खरी गेली ती चालण्याच्या पद्धती पाहण्यात. सातेरी मकरंदासाठी तोंड नळीत घालते तेव्हा पराग तिच्या छातीला आणि पोटाला आपसूक चिकटतो. मग ती हवेत तरंगत पायांनी अंग झाडते आणि सगळा पराग मागच्या पायांवरच्या गोळ्यांत दाबते. कातरमाशीला पायावर टोपल्या नाहीत. ती पोटाखालच्या केसांत पराग नेते, म्हणून फुलावर पोट उचलून, पोहल्यासारखी हलत चालते. तिचं पोट खालून पूर्ण पिवळं झालं होतं. भुंगा उतरला की तबकडीच हलते आणि लहान माश्या बाजूला होतात. सिरफिड माशी अंगावरचे पट्टे मधमाशीसारखे मिरवते, पण पंख दोनच, आणि हवेत एका जागी स्थिर उभी राहते. तिच्या काही जातींच्या अळ्या मावा खातात. ६ नंबरवरच्या सफाईत त्यांचाही हात असेल.

धक्काबुक्कीचा मुद्दा वेगळा लिहायला हवा. कातरमाशी किंवा भुंगा जवळ आला की मधमाशी जागा सोडते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाते. एकटी असली तर त्याच तबकडीवर निवांत फिरत राहते. कॅलिफोर्नियातल्याच सूर्यफुलांच्या शेतांवरचा २००६ सालचा एक अभ्यास हेच सांगतो. रानमाश्यांच्या अशा हुसकावण्यामुळे मधमाश्यांचं परागीभवन पाचपटीपर्यंत वाढलेलं तिथे आढळलं. म्हणजे मधमाश्यांची पेटी आणून ठेवली की काम संपलं, असं नाही. जमिनीत, भिंतीच्या फटीत, वाळक्या काडीत एकेकट्या राहणाऱ्या माश्याही लागतात. माझी नोंद एका सकाळची आणि एका फुलाची आहे, पण तासाभरात पाच वेळा तरी हे पाहिलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "आई, त्यांना एकमेकींचा राग येतो का गं?"

"राग नसावा. जागा अपुरी पडते."

७ जानेवारी. कुंडी

कुंडीतलं झाड ठेंगणं राहिलं, पण परवा फुललं. काल संध्याकाळी कुंडी अर्धी फिरवून फुलाचं तोंड पश्चिमेला केलं आणि ती ४ नंबरच्या शेजारी ठेवली. आज सकाळी ८ ते ९ दोन्ही फुलांवरच्या माश्या मोजल्या. पूर्वेकडचं ३४, पश्चिमेकडचं ९. दुपारी फारसा फरक नाही.

हे करायचं मनात होतं म्हणूनच कुंडी लावली होती. पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि उबदार फुलावर माश्या जास्त येतात, हे २०१६ च्याच अभ्यासात आहे. पश्चिमेकडच्या फुलांना त्यांनी हीटरने सकाळी ऊब दिली तेव्हा तिथली वर्दळही वाढली. माझं कुंडीतलं फूल आकाराने लहान आहे, तेव्हा सगळा फरक दिशेचा नसेल. उद्या कुंडी पूर्वेला करून पुन्हा मोजायचं.

८ जानेवारी

पूर्वेला केल्यावर कुंडीवर २१. लहान फूल असूनही कालच्या दुपटीपेक्षा जास्त.

९ जानेवारी. संध्याकाळ

पावणेसहाला काठ्या तपासायला गेले. ११ नंबरच्या एका वाळलेल्या बारीक फांदीवर निळ्या पट्ट्यांच्या सात माश्या ओळीने. पाय मोकळे, शरीर आडवं, फांदी फक्त जबड्यात धरलेली. झोपलेल्या! हे नर असतात. मादी बिळात झोपते, नरांना घर नसतं, म्हणून दिवस मावळला की ते काडीला चावा घेऊन रात्र काढतात. श्वास रोखून लेकीला आणि आईला बोलावलं. आणखी एक आठवा आला, रांगेत जागा शोधत दोनदा घसरला, तिसऱ्यांदा धरून बसला. आम्ही तिघी अंधार पडेपर्यंत उभ्या होतो. वाळकी फांदी उद्या छाटणार होते. आता ती राहील.

११ जानेवारी

३ नंबरवर एक मधमाशी बराच वेळ हलेना. जवळून पाहिलं तर तिच्या मानेला पिवळा खेकडा-कोळी लागलेला. पुढचे चार पाय पसरून तो पाकळीच्या रंगात मिसळून गेला होता, जाळं वगैरे काही नाही. या कोळ्यांतल्या काही जातींना फुलाप्रमाणे पांढरा किंवा पिवळा रंग धरता येतो, त्याला काही दिवस लागतात. लेकीला मधमाशीची दया आली. सोडवायला सांगत होती, पण तेव्हा उशीर झाला होता. तारेवर सकाळपासून वेडा राघूंची जोडी आहे, तीही माश्यांवरच टपलेली. इतक्या माश्या येणार तिथे त्यांना खाणारेही येणारच. लेक हे ऐकून घेते, पण तिचा चेहरा उतरलेला आहे.

१६ जानेवारी

४ नंबरची फुलं मध्यापर्यंत उमलून झाली. सुकलेली नळकांडी चोळून काढली की खाली दाण्यांच्या फिरत्या ओळी दिसतात. फोटो छापून लेकीने एका दिशेच्या ओळी लाल, दुसऱ्या दिशेच्या निळ्या रंगवल्या. ५५ आणि ३४. १० नंबरच्या लहान फुलात ३४ आणि २१. प्रत्येक नवं फूल आधीच्यापासून साधारण १३७.५ अंश वळून येतं, त्यातून हे आकडे पडतात. हे फिबोनाची मालिकेतले आकडे, प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग अखेरच्या वर्षांत याच प्रश्नावर काम करत होता. त्याच्या स्मरणार्थ मँचेस्टरच्या संग्रहालयाने लोकांकडून सूर्यफुलं मोजून घेतली. २०१६ साली ६५७ फुलांचा निकाल आला. बहुतेक फुलं या आकड्यांत बसणारी, काही मात्र न बसणारी. लेक आता न बसणारं फूल शोधते आहे.

५ नंबरचीही फुलं संपली. मलमल तशीच ठेवली, म्हणजे पुढे पक्षीही लागणार नाहीत. ६ नंबरवर आजपासून तसलीच पिशवी.

२५ जानेवारी. पोपट

सकाळी सात वाजता आवाज, मग हिरवा थवा. नऊ पोपट. एकेक तबकडीच्या कडेला उलटा लटकून, मान वाकवून, अजून दुधाळ असलेले दाणे काढत होता. दाणा चोचीत फिरवून टरफल सोडून देतात, आणि निम्मे दाणे तर नुसतेच खाली पडतात. अर्ध्या तासात ४ नंबरचा एक चतुर्थांश भाग रिकामा. एकाने ८ नंबरचं लहान फूल देठासकट कापून कुंपणावर नेलं आणि पायात धरून खाल्लं.

आई बाहेर येऊन म्हणाली, "अगं, तीन महिने राबलीस आणि सगळं ह्यांनाच का?" मला उत्तर सुचलं नाही. पाणी मी घातलं, काठ्या मी लावल्या, मावा मी राखला. तबकडी रिकामी होताना वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते. पण हाकलायला हातही उठला नाही, कारण इतक्या जवळून पोपटाची काळी जीभ दाणा फिरवताना मी पहिल्यांदाच पाहत होते. या दिवसांत त्यांची ढोलीत वीण असते. यातलं काही पिल्लांपर्यंत जात असेल.

दुपारी बसून वाटणी ठरवली. १, २, ३ नंबरवर कापडी पिशव्या, ते पुढच्या पेरणीचं बियाणं. ५ आणि ६ प्रयोगाचे, ते आधीच झाकलेले. ४ नंबर आणि फांद्यांची पूर्ण ओळ उघडी. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग खाली पडलेलं झाडून काढू नकोस." ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी पडलेल्या दाण्यांवर दोन होले आणि खार.

९ फेब्रुवारी. काढणी

तबकड्यांची पाठ हिरवी जाऊन पिवळी, छदं तपकिरी. आता दाण्यात आणखी काही भरायचं नसतं. १, २, ३, ५, ६ हातभर देठासकट कापून वाऱ्याला उलट्या टांगल्या.

१४ फेब्रुवारी. मलमलीचा हिशोब

५ आणि ६ नंबरच्या तबकडीतून, कडेपासून मध्यापर्यंत सरळ पट्टा धरून, प्रत्येकी दोनशे दाणे काढले. आपण दाणा म्हणतो ते खरं तर फळ. टरफल फळाचं, बी आत. त्यामुळे टरफल बाहेरून तयार दिसतं आणि आत काहीच नसतं, असं होऊ शकतं. लेक आणि आई दाबून सांगत होत्या, मी लिहीत होते.

उघडं, ६ नंबर: भरलेले १७१, पोचट २९.
झाकलेलं, ५ नंबर: भरलेले ५८, पोचट १४२.

झाकलेल्यात अठ्ठावन्न भरले, कारण लागवडीतल्या सूर्यफुलांना थोडंफार स्वतःच्या परागावरही फळता येतं. रानटी सूर्यफुलाला बहुधा ते जमत नाही. वाऱ्याची मदत फारशी होत नाही, पराग जड आणि चिकट असतो. म्हणजे मधला ११३ दाण्यांचा फरक बव्हंशी त्या सकाळच्या गर्दीचा आहे. आई पोचट दाण्यांची वाटी हातात घेऊन म्हणाली, "वजनच नाही गं." मग तिने दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि काकूंना हाक मारली.

२० फेब्रुवारी

उघड्या तबकड्या पोपटांनी सोडल्या, आता चिमण्या आणि मुनिया. मुनिया तबकडीवर बसून उरलेसुरले दाणे वेचतात, चिमण्या खाली. टरफलांचा थर झाडून एका बाजूला केला. सूर्यफुलाच्या टरफलांत इतर रोपांची उगवण रोखणारी द्रव्यं असतात, म्हणून तो रोपवाटिकेच्या मातीत मिसळायचा नाही.

खोडं उपटली नाहीत. गुडघ्याएवढी ठेवून वरचा भाग आडवा कापला. सूर्यफुलाच्या खोडात आत पांढरा, हलका भेंड असतो. कापलेल्या तोंडातून तो उघडा पडला आहे. अशा भेंडात घर करणाऱ्या लहान माश्या असतात. जानेवारीत १० नंबरवर चकचकीत हिरवी, मुंगीएवढी एक माशी दोनदा दिसली होती. तेव्हा नाव लावता आलं नाही, म्हणून मोजणीत घेतली नव्हती.

१६ मार्च

९ नंबरच्या खुंटाखाली पानावर पांढरा भुसा. चिमूटभर, ताजा. वर पाहिलं तर भेंडाच्या मधोमध गोल भोक, ज्वारीचा दाणा जेमतेम जाईल एवढं. वीस मिनिटं थांबले. भोकात आधी पांढऱ्या भुशाचा गोळा आला आणि खाली पडला, मग मागे मागे सरकत हिरवं, चकचकीत पोट बाहेर आलं, थांबलं, आणि परत आत गेलं.

खुंटाला लाल दोरा बांधला. काकूंना आणि आईला सांगितलं की हा कोणी उपटायचा नाही. लेकीने पाटीवर "९ नंबर, आत कोणीतरी आहे" असं लिहून ती शेजारी खोचली.